वंदना घेऊ की औषध घेऊ

आमच्याकडे वंदना घेतात. म्हणजे करतात सगळेच, पण एकाने पुढे बसून एक ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणायची, त्या पुढे बसण्याला आम्ही वंदना घेणे म्हणतो. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी मी वंदना घेते. मला कोणी नेमलेलं नाही. आधी एक आजोबा घेत होते, त्यांचे गुडघे बसले, मग ते म्हणाले, "बाई, आता तू घे." मी घेतली, ती अजून घेऊनच राहिले.

शाळा माझी लवकर सुटली. वाचायला लागले ते लग्नानंतर, किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडवता सोडवता. पण त्रिशरण आणि पंचशील मला त्याच्या कितीतरी आधीपासून येतं, आईच्या तोंडून ऐकून ऐकून. आई पांढरं लुगडं नेसून दीक्षेला गेली होती, मी तिच्या कडेवर. ती सांगायची, "सारं नागपूर पांढरं झालं होतं वं, अन् तू खांद्यावर घोरून राहिली होती." ती झोप मी पुढे भरून काढली असं समजा. जागेपणी मी गप्प बसलेली कोणाला आठवत नाही.

विहारात पुढच्या चटईवर लहान मुलं बसतात. पाली त्यांना अवघड जाते, मग ती आपल्या मनाचे शब्द घालतात आणि ते शब्द एकदा बसले की निघता निघत नाहीत. म्हणून मी एक नियम केला. मी म्हणते तस्संच म्हणायचं, आपलं डोकं लावायचं नाही. नियम मुलांनी इतका मनावर घेतला की एकदा वंदना चालू असताना मी मधेच म्हटलं, "चटई सरळ करा गा," तर सगळ्या रांगेने हात जोडून, डोळे मिटून, सुरात म्हटलं, "चटई सरळ करा गा." चटई कोणी सरळ केली नाही.

तर मागच्या हिवाळ्यात माझ्या नातीचं लग्न ठरलं. ही माझ्या मुलीची मुलगी. आईबाप दोघं नोकरीला, म्हणून वाढली आमच्याकडे. आता पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मुलगा सावनेरकडचा, शांत, हसरा. आमच्यातल्या लग्नात बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या लावतात, सगळा मांडव त्रिशरण-पंचशील म्हणतो, नवरा-नवरी शपथ घेतात, वरून फुलं पडतात आणि लोक जेवायला पळतात. साधं लग्न. पण हॉलमध्ये माइकवरून वंदना घ्यायला कोणीतरी पुरुषमाणूसच उभं राहतं. कोणी तसं ठरवून ठेवलेलं नाही, पडत गेलं आपलं. मुलाकडचे एक काका त्यांच्या घरातल्या सगळ्या लग्नांत वंदना घेतात. त्यांचा आवाज असा की लाइट गेले तरी कार्यक्रम थांबत नाही.

नातीने फोनवर त्यांना सरळ सांगून टाकलं, "वंदना माझी आजी घेणार." मग मला फोन केला. मी ऐकलं आणि तव्यावरच्या भाकरीचं काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिकडे पाहिलंच नाही. इतकी वर्षं वस्तीत किती मुलींच्या लग्नाला गेले, मांडवात खुर्चीवर बसून मागून म्हटलं. पुढे कधी उभी राहिले नव्हते. राहावंसं वाटत होतं का? वाटत होतं. आता लिहायला काय जातं.

आणि रविवारचं लग्न आठवड्या-दीड आठवड्यावर आलं तेव्हा मला खोकला धरला.

आधी नाक वाहिलं, ते थांबलं, मग घशात बसला. खोकला मोठा अक्कलवाला होता. मी गप्प असले की तोही गप्प. मी तोंड उघडलं, दोन वाक्यं झाली, की तिसऱ्याला हजर. पंचशीलातली एक ओळ म्हणून पाहिली, अर्ध्यात अडकले. पुन्हा म्हणून पाहिली, पुन्हा तिथेच.

आमचे हे उमरेडकडच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले. खोकल्याच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये असं त्यांचं मत आहे. खाणीतली माणसं वर आली की गुळाचा खडा तोंडात टाकायची, धूळ उतरते म्हणून. धूळ उतरते की नाही कोण जाणे, पण ह्यांचा गुळावरचा विश्वास उतरला नाही. त्यांनी डब्यातून खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"हे चघळ अन् बोलू नको."

"बोलल्याशिवाय वंदना कशी घेऊ?"

"वंदना रविवारी हाय न. आज काहून बोलून राहिली?"

मग भिंतीकडे मान वळवून म्हणाले, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ह्या घरात मले घड्याळाची टिकटिक आयकू आली पाहा. भल्ली मोठी टिकटिक हाय वं आपल्या घड्याळाची."

मी बोलणार होते, पण खोकला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. मी दोन्ही पिशव्या घेऊन खाली उतरले, एकीत भाजीची देठं नि सालं, दुसरीत कागद-प्लास्टिक. तोवर गाडी पुढे निघून गेली. पिशव्या हातात धरून तिच्या मागे चालत नाक्यापर्यंत गेले, तर समोर मेडिकल उघडलेलं. म्हटलं आलोच आहोत तर औषध घेऊन जाऊ. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "खोकल्याचं दे रे काही. रविवारच्या आत गेला पाहिजे."

त्याने मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं, "ओला हाय का सुका, काकू?"

आता तुम्हीच सांगा. सकाळची वेळ, गाडीचं गाणं अजून कानात, दोन्ही हातांत पिशव्या. मी पिशव्या वर करून दाखवल्या. म्हटलं, "दोन्ही हाय. वेगवेगळा आणला."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पिशव्यांकडे पाहिलं. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही असं त्याला शिकवलेलं असणार. फळीवरून एक बाटली काढली आणि म्हणाला, "मग हे न्या. दोन्हीवर चालते."

तो खोकल्याबद्दल विचारत होता, हे मला घराचा जिना चढताना समजलं. मधल्या पायरीवर बसून हसले, हसता हसता खोकले. वर येऊन ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं, तुले गाडीत नाही टाकलं."

औषध गोड होतं. रंग असा की बर्फाच्या गोळ्यावर घालावा. घशाखाली उतरलं की घसा मऊ व्हायचा, हे खोटं कशाला बोलू. थोडा वेळ बरं वाटायचं. मग खोकला परत आपल्या जागी, आणि वरून झोप. कशी झोप म्हणाल तर भाजी निवडताना मेथीत नाक जाईल अशी. चढत्या उन्हात खुर्ची टाकून मी अशी पेंगायचे की शेजारणी दारातून विचारायच्या, आजीची तब्येत ठीक हाय न.

लग्नाच्या आधीचा जो रविवार आला, त्या दिवशी सकाळी मी झाकणभर औषध जास्तच घेतलं, विहारात खोकला नको म्हणून. विहारात गेले, मेणबत्ती लावली, मुलं बसली, वंदना सुरू झाली. खोकला खरंच आला नाही. पण दुसऱ्या शीलानंतर मी थेट चौथ्यावर गेले. मुलं माझ्या मागे चौथ्यावर आली. मला कळलं काहीतरी राहिलं, मागे फिरले तर परत दुसऱ्यावर. मुलंही आली. डोळ्यांवर सगळं जड झालेलं. मी स्वतःशीच पुटपुटले, "झोप येऊन राहिली बाप्पा."

आणि सगळ्या चटईने हात जोडून म्हटलं, "झोप येऊन राहिली बाप्पा."

मागे बसलेल्या बायांनी पदर तोंडात कोंबले.

ही बातमी माझ्या आधी घरी पोचली. माझी मोठी जाऊ मागच्याच घरात राहते. बाई शिस्तीची. शीलाच्या बाबतीत तर इतकी की लग्नातलं सरबतसुद्धा आधी वास घेऊन पिते. तिच्या धाकाने आमच्या घराण्यातल्या पुरुषांनी दारूची बाटली लांबूनच पाहिली, आणि ह्याचं श्रेय मी तिला मनापासून देते. ती दारात उभीच होती.

"काय घेऊन गेली होती वं तू विहारात?"

"खोकल्याचं औषध, बाई."

"पंचशील विसरायले लावते ते औषध असते का? सुरा म्हणजे दारू, मेरय म्हणजेही दारूच, अन् पाचव्या शीलात दोघांचं नाव हाय."

"शिरपचं नाव नाही पण," हे आतून म्हणाले.

"तुम्ही चूप बसा, भाऊजी." मग माझ्याकडे वळून जरा मऊ आवाजात म्हणाली, "माझ्यावालं घे. जडीबुटीचं हाय, इंग्रजी नाही. मी साऱ्या थंडीभर घेते, काही होत नाही मले. उलट बरं वाटते." आणि पदराआडून तिने आपली तपकिरी बाटली काढून ओट्यावर ठेवली.

त्याच दुपारी नात पुण्याहून आली. आल्या आल्या माझ्या गळ्यात पडायच्या ऐवजी तोंडावर हात धरून लांब उभी राहिली. "आजी, बोलू नको. फक्त मान हलव. बरी आहेस?" मी मान हलवली. "औषध काय घेतेस?" मी ओट्यावरच्या दोन बाटल्यांकडे बोट केलं.

ही मुलगी बिस्किटाचा पुडासुद्धा वाचल्याशिवाय फोडत नाही. तिने दोन्ही बाटल्या खिडकीशी नेल्या, बारीक अक्षरांचा मोबाइलवर फोटो काढला, तो मोठा करून वाचायला लागली. पहिली वाचताना नुसतं हुं हुं केलं. दुसरी वाचताना थांबली. माझ्या जावेकडे पाहिलं, परत बाटलीकडे पाहिलं.

"मोठी आजी, तू हे रोज घेतेस?"

"संध्याकाळी दोन चमचे. कधी तीन. काहून?"

"ह्यावर अल्कोहोल लिहिलंय."

माझ्या जावेचा चेहरा मी आयुष्यात असा पाहिला नव्हता. नातीने घाईघाईने पुढचं वाचलं, "म्हणजे वरून घातलेलं नाही. आंबताना त्यात आपोआप तयार होतं, असं लिहिलंय."

घरात घड्याळाची टिकटिक मलाही ऐकू आली.

मग जाऊ म्हणाली, "आपोआप झालं न? कोणी टाकलं तर नाही." तिने बाटली नातीच्या हातातून काढून घेतली. "मग त्याचं त्याले माहीत."

"म्हणूनच," आमचे हे म्हणाले, "म्हणूनच मी म्हणत होतो, वहिनी संध्याकाळच्याले अशी खूश काहून राहते."

मला हसू आवरेना, हसले की खोकला, खोकला आला की जाऊ माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि त्याच हाताने जरा जोरात थापटायचीही. नात जमिनीवर बसून डोळे पुसत होती. शेवटी जाऊही हसली. पण बाटली पदराआड परत घेऊन गेली, आणि तिचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायचंही नसतं.

संध्याकाळी नात मला डॉक्टरणीकडे घेऊन गेली. वस्तीच्या तोंडाशी तिचा दवाखाना आहे, माझ्या मुलीच्या वयाची आहे, मला काकू म्हणते. तिने छाती ऐकली, पाठ ऐकली, घशात बॅटरी मारली, ताप नाही, दम नाही, सगळं विचारलं. मी दोन्ही बाटल्या टेबलावर मांडल्या आणि ओल्या-सुक्या कचऱ्याची गोष्टही सांगितली, खोकत खोकत. तिने स्टेथोस्कोप काढून ठेवला आणि आधी पोटभर हसून घेतलं.

मग पहिली बाटली हातात घेतली. "काकू, ह्यात एक औषध खोकला दाबायचं आहे आणि एक कफ बाहेर काढायचं. एक म्हणतं थांब, दुसरं म्हणतं निघ. बिचाऱ्या घशाने ऐकायचं कोणाचं?"

"म्हणजे ब्रेकही दाबायचा अन् एक्सिलेटरही," मी म्हटलं. आमच्या ह्यांच्याजवळ मोटारसायकल होती, म्हणून मला माहीत.

"तसंच. वरून झोपेचं घातलेलं, आणि नाक मोकळं करायचं जे आहे ते तुमच्या बीपीला चांगलं नाही. तुम्ही बीपीची गोळी घेता हे दुकानात सांगितलं होतं का?"

दुकानात मी कचरा दाखवला होता. बीपीचं काही बोलले नव्हते.

"मग दे न तू एखादं चांगलं," मी म्हटलं. "येत्या रविवारी माझ्या नातीचं लग्न हाय अन् वंदना मी घेणार हाय."

ती खुर्ची पुढे ओढून बसली. तिने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. सर्दीनंतरचा असा खोकला दोन-तीन आठवडे राहतो आणि आपल्या पायाने निघून जातो. बाटलीने तो लवकर निघतो असं काही फारसं दिसून आलेलं नाही. लोक खोकून खोकून कंटाळले की बाटली आणतात, तोवर खोकला जायलाच निघालेला असतो, आणि नाव बाटलीचं होतं. कोमट पाणी घोट घोट प्या, शुगरचा त्रास नसेल तर चमचाभर मध चाटा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. ताप आला, दम लागला, थुंकीत रक्त दिसलं, छातीत दुखलं किंवा तीन आठवड्यांवर गेला, तर घरी बसायचं नाही, यायचं.

"आणि उरलेली बाटली कोणाच्या लहान लेकराला द्यायची नाही," ती म्हणाली. "थोडीशीसुद्धा नाही." हे तिने न हसता सांगितलं. आमच्या वस्तीत उरलेली बाटली ह्या घरातून त्या घरात फिरते, हे तिला ठाऊक होतं.

"गूळ चालते का?" मी विचारलं. घरी जाऊन उत्तर द्यायचं होतं.

"चघळा. तोंडात ओलावा राहतो."

"मग खोकला रविवारपर्यंत जाईल का?"

"ते मला नाही सांगता येत, काकू. जाईल, किंवा नाही जाणार."

इतकी शिकलेली बाई मला माहीत नाही म्हणते, हे मला आवडलंही आणि रडूही आलं. परत येताना रस्त्यात मी नातीला म्हटलं, "त्या काकांनाच घेऊ दे वंदना. तुझ्या लग्नात माइकवर माझी ढास नको. लोक आयुष्यभर तेच सांगतील." हे म्हणताना मला किती जड गेलं ते त्या अंधाऱ्या रस्त्यालाच माहीत.

ती चालता चालता थांबली. "आजी, लहानपणी ताप आला की तू माझ्या उशाशी बसून पंचशील म्हणायचीस, आठवतं? मला अर्थ काही कळायचा नाही. तुझा आवाज असला की मला वाटायचं, आता काही होत नाही. मला लग्नात तो आवाज पाहिजे. खोकत खोकत घे."

मी मान हलवली. बोलू नको म्हणाले होते सगळे.

घरी गेल्यावर मी झोपेची बाटली मोरीत ओतली आणि उरलेले दिवस खरंच गप्प राहिले. माझ्यासाठी हे लिहिणंसुद्धा नवल आहे. ह्यांनी थर्मासमध्ये कोमट पाणी भरून माझ्या मागे मागे फिरायचं काम घेतलं. मेंदी लागली, पाहुणे आले, कन्हानच्या माझ्या बहिणी आल्या, आणि मी हातवारे करून सगळ्यांशी भांडले. खोकला कमी झाला होता, गेला नव्हता. कुठेतरी दाराआड उभा आहे हे समजत होतं.

रविवारी हॉल पांढऱ्या कपड्यांनी भरला. नात पांढऱ्या साडीत अशी दिसत होती की मी तिच्याकडे पाहायचंच नाही असं ठरवलं. विहारातली मुलं हट्टाने अगदी पुढे येऊन बसली होती, आपली आजी माइकवर येणार म्हणून. मुलाकडचे ते काका माइक हातात घेऊन माझ्या बाजूला उभे होते. नमस्कार करून म्हणाले, "मी इथेच आहे, आजी. लागलं तर." ते चांगुलपणाने म्हणाले, पण मला ते 'लागलं तर' टोचलं.

सुरुवात केली. त्रिशरण झालं. माझा आवाज त्या मोठ्या हॉलमध्ये जाऊन भिंतीला लागला आणि शेकडो तोंडांतून परत आला. विहारात चटईभरच आवाज परत येतो. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं बरोबर तिसऱ्याच जागी आलं. चौथं झालं. पाचव्यासाठी श्वास घेतला आणि दाराआडचा तो आत आला.

खोकले. एकदा लांब, मग दोनदा आखूड. माइकमधून साऱ्या हॉलभर.

आणि पुढच्या रांगेने हात जोडून, डोळे मिटून, एका सुरात खोकून दाखवलं. एकदा लांब, दोनदा आखूड.

आधी नवरीचे खांदे हलायला लागले. मग नवरदेवाने मान खाली घातली. मग मागून कुठूनतरी माझ्या जावेचा आवाज आला, "माय वं," आणि सगळा हॉल फुटला. म्हातारे हसले, बाया हसल्या, फोटोवाला कॅमेरा खाली ठेवून हसला. मुलं डोळे उघडून बघायला लागली, आपलं काय चुकलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी म्हटलं होतं, मी म्हणते तस्संच म्हणा.

हेही हसत हसत पुढे आले, थर्मासचं झाकण उघडलं, खिशातून गुळाचा खडा काढला. मी दोन घोट पाणी प्यायले. खडा गालात ठेवला. त्या काकांकडे पाहिलं. माइक त्यांच्याच हातात होता, त्यांना एक ओळ म्हणायला काही वेळ लागला नसता. त्यांनी माइक माझ्या तोंडाजवळ आणखी थोडा सरकवला आणि म्हणाले, "घ्या, आजी. सावकाश. कोणाची गाडी नाही सुटून राहिली."

मी पाचवं शील घेतलं. गुळासकट, अख्खं, कुठेही न अडकता. आणि मागून जे आलं ते आधीच्या चारही शीलांपेक्षा मोठं आलं, कारण हसल्याने सगळ्यांचे गळे मोकळे झाले होते. माझ्या जावेने तर पाचवं इतकं ठणकावून म्हटलं की ते मला वेगळं ऐकू आलं. मग शपथ झाली, फुलं पडली, आणि नात सगळ्यांत आधी माझ्या गळ्यात पडली. तोंडावर हात न धरता.

खोकला पुढच्या आठवड्यात कधीतरी गेला. नेमका कधी गेला मला माहीत नाही, येताना हजेरी लावतो, जाताना सांगत नाही. हे म्हणतात गुळाने गेला. जाऊ म्हणते तिच्या बाटलीचा मी एक चमचा घेतला असेलच, कबूल करत नाही. मेडिकलवाला मुलगा मला पाहिलं की विचारतो, "काय काकू, ओला का सुका?" आणि मी सांगते, सगळाच गाडीत टाकला रे. आता घरात कोणी खोकलं की मी पाणी गरम करते, मधाची बाटली काढते आणि थांबते. थांबणं हेच औषध सगळ्यांत कडू आहे, एवढं मात्र खरं.

विहारात सगळं पूर्ववत झालं आहे, एक गोष्ट सोडून. मुलांनी आता हे बसवून घेतलं आहे की चौथ्या शीलानंतर खोकायचं असतं. एकदा लांब, दोनदा आखूड. मागच्या रविवारी मी वंदना थांबवून त्यांना नीट सांगितलं, "हे त्यात नाही."

सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हटलं, "हे त्यात नाही."